अंगठीऐवजी टर्बो

७ फेब्रुवारी, शनिवार. सकाळी ९.२०
आजपासून ही वही. विषय एकच: गाडीला कुठला टर्बो बसवायचा. मुदत २८ फेब्रुवारी. निर्णय कसा होत गेला हे नंतर तपासता यावं म्हणून नोंदी. भावना लिहायच्या नाहीत. ही वही त्यासाठी नाही. त्यासाठी कुठलीच वही नाही.

पार्श्वभूमी एकदाच लिहून टाकते. गाडी दोन दारांची, बुटकी, तीस वर्षांची. इंजिन रोटरी, म्हणजे आत वरखाली होणारे पिस्टन नाहीत, दोन तिकोनी रोटर गरगरतात. इंजिन उत्तम. टर्बो, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबून ताकद वाढवणारे पंखे, मूळचे, दोन, दोन्ही दमलेले. चढावर निळा धूर सोडतात.

पर्याय अ: हीच जोडी दुरुस्त करणे. एक टर्बो लवकर जागा होतो, दुसरा मागून येऊन मिळतो. जमलं तर फार सुंदर, पण दोघांचं जमवायला नळ्यांचं जंजाळ लागतं. पर्याय ब: जोडी काढून मध्यम आकाराचा एकच. पर्याय क: एकच, पण मोठा. ताकद भरपूर, फक्त ती यायला वेळ लागतो. पेडल दाबायचं, वाट बघायची, आणि मग मानेला झटका. या वाट बघण्याला लॅग म्हणतात.

गाडी अर्धी माझी, अर्धी दहापान्याची. दहापान्या हे मी ठेवलेलं नाव. दहा नंबरचा पाना तो कायम हरवतो. चार वर्षांत चार हरवले. आठ महिन्यांपूर्वी तो दुसऱ्या शहरात प्रोजेक्टवर गेला. प्रोजेक्ट सहा महिन्यांचा. संपला की रजिस्टर लग्न. अंगठ्या घ्यायच्या नाहीत यावर आमचं एकमत होतं. अंगठी घालून इंजिनात हात घालत नाहीत. अंगठ्यांऐवजी टर्बो घ्यायचा, दोघांनी मिळून निवडलेला.

प्रोजेक्ट लांबला आहे. प्रोजेक्ट लांबतात.

८ फेब्रुवारी, रविवार. सकाळी १०.४५
गाडी सुरू केली, चौदा मिनिटं चालू ठेवली, बंद केली. बाहेर काढली नाही. टर्बो ठरेपर्यंत तिच्यावर जोर देणं बरोबर नाही.

गॅरेजच्या भिंतीवर नियमांचा कागद आहे, त्याच्या अक्षरात. एक: गाडीत कुठलाही बदल दोघांच्या सहीने. दोन: सुरू केली की तापमानाची सुई मध्यावर येईपर्यंत बंद करायची नाही. तिसरा नियम माझ्या अक्षरात: दहाचा पाना जागेवर ठेवायचा.

दुसरा नियम त्याने मला पहिल्याच दिवशी शिकवला. थंड रोटरी सुरू करून लगेच बंद केली तर आत पेट्रोल साचतं, तेलाचा थर धुऊन निघतो आणि पुढच्या वेळी ती सुरूच होत नाही. त्याला फ्लड होणं म्हणतात. एकदा आईकडे जेवायला गेलो होतो. शेजाऱ्यांना वाट हवी होती म्हणून त्याने गाडी चार हात पुढे घेतली आणि मग सुई मध्यावर येईपर्यंत गाडीतच बसून राहिला. सगळे ताटावर थांबले. आई म्हणाली, त्या पोराचं ताट खालीच नेऊन दे, तो काही उतरत नाही.

त्या दिवशी मला कळलं होतं की याच्यावर विसंबता येईल. (ही भावना नाही, निरीक्षण आहे.)

१० फेब्रुवारी, मंगळवार. संध्याकाळी ७
तुलनेचा तक्ता पूर्ण. चौदा रकाने. दहापान्याला पाठवला. सोबत एकच ओळ: तुझं मत कळव. मजकूर पूर्ण तांत्रिक ठेवला. आधी ‘जेवलास का’ लिहिलं होतं, ते काढलं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार
उत्तर आलं. एकतीस तासांनी. अंगठा.

अंगठा म्हणजे अ, ब की क? चौदा रकान्यांच्या तक्त्याला अंगठा हे उत्तर होऊ शकत नाही, पण नकारही नाही. एकूण प्रतिसाद सकारात्मक असं धरते.

सहज म्हणून त्याच्या उत्तरांना लागणारा वेळ काढला. सप्टेंबरात सरासरी वीस मिनिटं. डिसेंबरात सहा तास. फेब्रुवारीत एकतीस. (नमुना एकच आहे, निष्कर्ष काढणं घाईचं होईल.) मोठ्या टर्बोलाही लॅग असतोच. पण आला की जोरात येतो.

१४ फेब्रुवारी, शनिवार. दुपारी १
मिस्त्रींकडे गेले. या भागात रोटरी कळणारे ते एकटेच. दुकानात एक खुर्ची, ती गिऱ्हाइकाची. ते स्वतः उलट्या बादलीवर बसतात. तक्ता दाखवला. त्यांनी चष्मा लावून चौदाही रकाने वाचले, मग विचारलं, गाडी किती चालते. मी म्हटलं, आठ महिन्यांत एक्केचाळीस किलोमीटर. त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, बाई, एवढ्यासाठी टर्बो कशाला, तुम्ही हाताने ढकललीत तरी भागेल.

मी म्हटलं, चालवण्याचा प्रश्न नाही, निवडण्याचा आहे. ते म्हणाले, मग साहेबांना घेऊन या, एका बैठकीत निवडू. साहेब कुठे आहेत सध्या? मी म्हटलं, प्रोजेक्टवर. ते म्हणाले, अजून?

कंप्रेशन तपासून घ्या असंही म्हणाले. टर्बोच्या आधी इंजिनाचा दम बघावा. मी म्हटलं, इंजिन उत्तम आहे, बघायची गरज नाही. मी स्वतः प्रेशर गेज तपासण्याच्या लॅबमध्ये काम करते आणि रोज लोकांना सांगते की न मोजता बोलू नका. हे त्यांना सांगितलं नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार
गाडी चौदा मिनिटं. सुई व्यवस्थित.

आईचा फोन. आई म्हणाली, सहा महिन्यांचे आठ झाले, अगं बाळंतपणसुद्धा नऊ महिन्यांत उरकतं. मी म्हटलं, टर्बोचं ठरत नाहीये म्हणून थांबलंय. आईने टर्बो हा शब्द दोनदा म्हणून बघितला. मग म्हणाली, तो टर्बो काय तो, त्याच्या आईवडिलांना माहीत आहे का?

१७ फेब्रुवारी, मंगळवार
निर्णय झाला. ब. मध्यम, समंजस, लॅग कमी. संध्याकाळी ६ वाजता ठरवलं आणि हलकं वाटलं.

६.४० ला लक्षात आलं की ब ठरला तर दहापान्याला विचारण्यासारखं काही उरत नाही. म्हणजे तांत्रिकदृष्ट्या. चर्चेशिवाय घेतलेला निर्णय कच्चा असतो. ब रद्द. आता बॉल बेअरिंगचा की साध्या बेअरिंगचा हा नवीन मुद्दा घेतला आहे. यावर किमान दोन आठवडे बोलता येईल.

ताईला फोनवर सांगितलं. ताई म्हणाली, तुला टर्बो निवडायचाय की त्याला बोलतं करायचंय? सरळ विचार ना, येतोयस की नाही. मी म्हटलं, असं सरळ विचारलं की उत्तरावर दबाव येतो, मोजणी बिघडते. ताई म्हणाली, तू लहानपणी ताप आला की थर्मामीटर लपवून ठेवायचीस. याचा इथे संबंध नाही.

१९ फेब्रुवारी, गुरुवार. संध्याकाळी ६.३०
आजची नोंद महत्त्वाची.

पुढच्या आठवड्यात मंगळवार ते गुरुवार मी बाहेरगावी, एका कारखान्याचे गेज तपासायला. फोन लागणार नाही, त्याची गैरसोय नको म्हणून दहापान्याला कळवलं. चाळीस सेकंदांत उत्तर. चाळीस. ‘किती दिवस?’

दोन शब्द आणि प्रश्नचिन्ह. त्याने नोव्हेंबरनंतर मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी लिहिलं, तीन दिवस, गुरुवारी रात्री परत. तो म्हणाला, ओके, सांभाळून जा.

सांभाळून जा.

डिसेंबरपासूनची सरासरी पुन्हा काढली. बरीच सुधारली.

२२ फेब्रुवारी, रविवार
गाडी चौदा मिनिटं. निघण्याआधी गॅरेज झाडलं, मागच्या फळ्या पुसल्या. त्याचं हेल्मेट, टूलबॉक्स, कपाटातले पुस्तकांचे दोन खोके, सगळं पुसून जागेवर. गाडीची चाकं जमिनीवरच्या टेपच्या खुणांवर बरोबर. हे लिहायचं कारण नाही, पण छान दिसत होतं.

२५ फेब्रुवारी, बुधवार. कारखान्याचं गेस्ट हाऊस
एकशे बारा गेज झाले. सव्वीस नापास. एका सुपरवायझरचं म्हणणं पडलं की हे गेज गेली पाच वर्षं हेच दाखवतंय, मग चूक कसं? मी समजावलं की एकसारखं दाखवणं आणि खरं दाखवणं या दोन वेगळ्या गोष्टी. तो म्हणाला, मॅडम, आमचं काही अडलं नव्हतं.

आमच्या कामाचा पहिला नियम: गेज हातात आलं की काही न फिरवता, न ठोकता, आधी ते काय दाखवतंय ते लिहायचं. दुरुस्ती नंतर. आधी दुरुस्त केलं तर किती चुकत होतं ते कधीच कळत नाही.

दहापान्याचा मेसेज नाही. मीच फोन लागणार नाही म्हटलं होतं. इथे पूर्ण रेंज आहे.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार. सकाळी ८.१०
काल रात्री परत. आज सकाळी पाहिलं तर गाडीची किल्ली दारामागच्या हुकला. ऑफिसला निघताना तीच पर्समध्येही सापडली. म्हणजे हुकला एक, पर्समध्ये एक. मी विसरभोळी होत चालले आहे. हुकवरच्या किल्लीला पिवळी टेप गुंडाळलेली आहे. माझ्या किल्लीला मी टेप कधी लावली ते आठवत नाही.

२८ फेब्रुवारी, शनिवार
मुदत संपली. निर्णय नाही. फेब्रुवारी हा महिनाच आखूड. नवीन मुदत ३१ मार्च.

१ मार्च, रविवार. सकाळी १०.३०
गाडी सुरू होत नाही.

सेल्फ मारला की फिरते, पकडत नाही. आवाज विचित्र, अडकून अडकून फिरण्याऐवजी एकसारखा सुर्रर्र. आत दम नसल्यासारखा. पेट्रोलचा वास. सहा वेळा प्रयत्न केला, मग बॅटरीची दया आली.

आणखी एक. चाकं टेपच्या खुणांच्या पुढे आहेत. मोजलं: पंचेचाळीस सेंटिमीटर. झाडताना टेप सरकली असावी.

चारही.

३ मार्च, मंगळवार
संभाव्य कारणांचा तक्ता केला. फ्युएल पंप: वीस टक्के. इग्निशन कॉइल: तीस. प्लग: तीस. बॅटरी: पंधरा. इतर: पाच. फ्लडिंग: शून्य. कारण फ्लड होण्यासाठी कोणीतरी गाडी थंड असताना सुरू करून लगेच बंद करायला हवी. सुरू करायला किल्ली लागते आणि सीटखालचा लपवलेला स्विच माहीत असावा लागतो. स्विच दोघांनाच माहीत. दोघंही दुसरा नियम पाळतात.

टर्बोच्या निवडीला आता अर्थ आला आहे. जुने टर्बोच बिघडून हे झालं असेल तर लवकर ठरवावं लागेल. हे दहापान्याला कळवलं. तसं तांत्रिकदृष्ट्या जुन्या टर्बोमुळे असं होत नाही, पण तो विचार करेल.

५ मार्च, गुरुवार
पन्नास तास. उत्तर नाही. क टर्बोसुद्धा इतका वेळ घेत नाही.

७ मार्च, शनिवार. दुपारी ३
मिस्त्रीकाका घरी आले. बॉनेट उघडायच्या आधीच त्यांनी नाक वर केलं. म्हणाले, पेट्रोल प्यायलीय ही. प्लग काढले, चारही ओले. एक माझ्या नाकासमोर धरला. मी म्हटलं, कॉइल असेल. ते म्हणाले, कॉइल नाही, फ्लड झालीय. थंड सुरू केली, जरा हलवली, बंद केली. एक मिनिट चालली असेल.

मी म्हटलं, शक्य नाही, आम्हा दोघांना नियम माहीत आहे. नियम त्याचाच आहे, बघा, भिंतीवर लावलाय. मिस्त्रींनी कागद वाचला. दुसरी किल्ली कुणाकडे असते, असं विचारलं. मी उत्तर दिलं. त्यांनी प्लग खाली ठेवला, मग म्हणाले, एक जुनं फडकं मिळेल का.

मग त्यांनी पंपाचा फ्यूज काढला, सेल्फ मारून आतलं पेट्रोल बाहेर फेकलं, प्लगच्या भोकातून थोडं थोडं तेल सोडलं, प्लग वाळवून बसवले. तिसऱ्या खेपेला गाडी सुरू झाली. इतका पांढरा धूर झाला की समोरच्या खिडकीतून कोणीतरी काय जळतंय म्हणून विचारलं. मिस्त्री म्हणाले, काही नाही, हिने मनातलं काढलं.

गरम झाल्यावर ते म्हणाले, आता आलोच आहे तर कंप्रेशन बघतो. मी नको म्हणणार होते. कारण सांगता आलं नाही. एका रोटरला तीन बाजू, दोन रोटर, सहा आकडे. ८.३, ८.२, ८.४. दुसरा: ८.१, ८.३, ८.२. साडेआठ म्हणजे नवं कोरं, सातच्या खाली गेलं की इंजिन उघडायचं. म्हणजे इंजिन उत्तम. मिस्त्री म्हणाले, तीस वर्षांच्या गाडीचा असा दम मी पाहिला नाही. ज्याने सांभाळली त्याने जीव लावून सांभाळली. मग आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण ते घाईघाईने हत्यारं आवरू लागले.

कपाटाजवळच्या फळ्या रिकाम्या दिसल्या. जागा बरीच झाली. नव्या टर्बोचा खोका बसेल.

८ मार्च, रविवार. सकाळी ११
काल मी दुरुस्ती आधी केली आणि नोंद केलीच नाही. आमच्या लॅबमध्ये यावर लेखी समज मिळते. आज नोंद करते. स्पष्टीकरण न लिहिता.

हुकवरच्या किल्लीला पिवळी टेप आहे. पिवळी टेप त्याच्या किल्लीला होती. हेल्मेट नाही. टूलबॉक्स नाही. कपाटाचं दार उघडून बंद केलेलं आहे, आतले दोन्ही खोके नाहीत. गाडी कपाटाला इतकी खेटून असते की ती पुढे घेतल्याशिवाय ते दार उघडत नाही. गाडी पंचेचाळीस सेंटिमीटर पुढे आहे. २२ तारखेला सगळं जागेवर होतं. २४ ते २६ मी नव्हते. मी नाही हे एकाच माणसाला माहीत होतं. त्याने किती दिवस असं विचारलं होतं.

नियमांचा कागद भिंतीवरच आहे.

८ मार्च, दुपारी ४
फक्त एक मुद्दा. गॅरेजची फरशी आत उतरती आहे. गाडी एकट्याने पुढे ढकलली जात नाही, दोघांनी सहज जाते. तो कोणाला घेऊन आत आला असता तर ढकलली असती. इंजिन सुरू केलं, म्हणजे तो एकटाच आला होता.

हे एक बरं झालं.

९ मार्च, सोमवार
ताई आली. वाचायला दिलं नाही, तोंडी सांगितलं. मला वाटलं होतं ताई म्हणेल, सांगत नव्हते तुला. ती म्हणाली, चहा मी करते, तू बस. मग चहा घेऊन गॅरेजमध्ये गेलो आणि गाडीत बसलो, ती त्याच्या जागेवर. ताई म्हणाली, या सीटवरून काही म्हणजे काही दिसत नाही, तुम्ही लोक चालवता कशी ही. मी म्हटलं, चालवत नाही ना. ती म्हणाली, हो, विसरले.

मी म्हटलं, पंधरा मिनिटांचा तर प्रश्न होता. त्याला माहीत होतं की एका मिनिटात बंद केली तर काय होतं. त्याच्याइतकं कोणालाच माहीत नाही. सामान न्यायचं तर न्यायचं, ते सामान त्याचंच होतं. पण तिला तसं कसं सोडून गेला?

ताई म्हणाली, हे गाडीबद्दल बोलतेयस ना? मी म्हटलं, अर्थात. ताईने माझ्या हातातला कप काढून घेतला, कारण तो सांडत होता.

१० मार्च, मंगळवार. संध्याकाळी ६.२०
६.०५ ला मेसेज पाठवला. गाडी तू हलवलीस? तीन शब्द आणि प्रश्नचिन्ह.

६.०९ ला उत्तर. जसंच्या तसं उतरवते.

‘हो. कपाटातलं सामान घ्यायचं होतं. फ्लड झाली का? सॉरी. माहीत होतं मला, पण बाहेर कोणीतरी थांबलं होतं.’

त्यानंतर: ‘तुझ्याशी बोलायचं होतं. बरेच महिने. जमलं नाही.’

त्यानंतर: ‘टर्बो तू ठरव. गाडी तुझीच. कागद पाठवतो.’

६.५०
‘कोणीतरी’ या शब्दाला टॉलरन्स, म्हणजे खपवून घ्यायची चूक, फार आहे. ड्रायव्हर असू शकतो. टेंपोवाला असू शकतो. ऑफिसमधला सहकारी असू शकतो, ज्याला घाई होती.

आईच्या घरी सहा माणसं ताटावर थांबली होती. त्याने कोणाला मोजलं नव्हतं.

७.१५
जो कोणी होता किंवा होती, उतरून गाडीला हात लावायला हरकत नव्हती. ढकलली असती तरी भागलं असतं.

१६ मार्च, सोमवार
कुरियर आला. आत मालकी बदलाचा फॉर्म, त्याची सही झालेली, तारखेसकट. सही नेहमीचीच, शेवटच्या अक्षराला शेपूट. सोबत कागदात गुंडाळलेलं काहीतरी जड. उघडलं. दहा नंबरचे पाने. चार.

चिठ्ठीवर लिहिलं होतं, सामान लावताना टूलबॉक्सच्या तळाशी सापडले, बहुतेक तुझेच.

म्हणजे सामान लावतोय. इथे चार वर्षांत त्याने तो बॉक्स कधी पूर्ण रिकामा केला नाही. मी सांगून सांगून थकले. तिथे फळ्या असतील. कोणीतरी लावून घेत असेल.

चारही पाने व्हर्नियरने तपासले. दहा पॉइंट शून्य काहीतरी. सगळे बरोबर.

१९ मार्च, गुरुवार
मिस्त्रींकडे गेले. मी खुर्चीवर, ते बादलीवर. म्हणाले, मग, काय ठरलं, मोठा की मध्यम? मी म्हटलं, तुम्ही सांगा. ते म्हणाले, जोडी उतरवून बघितली तर सील बदलून अजून चालेल. दोन महिने चालवा, मग काय कमी वाटतं ते सांगा. न चालवता काय कमी आहे ते कसं कळणार. मी म्हटलं, मला कळलंय. ते म्हणाले, ते नव्हे हो, गाडीचं विचारतोय.

चहा मागवला. साहेबांचं विचारलं नाही. पुढच्या गिऱ्हाइकाला बराच वेळ बाहेर उभं केलं.

आईलाही सांगितलं. आई म्हणाली, त्या दिवशी त्याचं ताट मी झाकून ठेवलं होतं गं, गार होऊ नये म्हणून. एवढंच म्हणाली.

२२ मार्च, रविवार. सकाळी १०.१०
टर्बोबाबत अंतिम निर्णय: पर्याय अ. आहे तीच जोडी दुरुस्त करणे. कारण: मिस्त्री म्हणाले म्हणून. चौदा रकाने वापरले गेले नाहीत.

पहिल्या नियमाप्रमाणे बदलाच्या कागदावर दोन सह्या लागतात. एक केली. दुसरीच्या जागी बराच वेळ काही लिहिलं नाही. मग तिथेही मीच केली. पेन सारखं चाललं नाही, दोन सह्या वेगळ्या दिसतात, त्यामुळे बरं वाटतं.

बॉल बेअरिंगबद्दल एक शंका राहिली आहे. खरीखुरी तांत्रिक शंका, आणि ती त्यालाच नीट माहीत असणार. मेसेज लिहिला. पाठवला नाही. मसुदा ठेवला आहे. पुढे कधी अ बदलायची वेळ आली तर उपयोगी पडेल.

१०.४०
गाडी सुरू केली. पहिल्याच सेल्फला. टेपच्या खुणांवर मागे घेतली, पंचेचाळीस सेंटिमीटर. एवढंच काम होतं.

तरी सुई मध्यावर येईपर्यंत बसले. चौदा मिनिटं. बाहेर कोणी थांबलं नव्हतं.